भजनात कोणता अभंग घ्यावा?

भजनाला बसल्यावर कोणता अभंग घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहता अगदीच लहान दिसतो. वीणेकऱ्याने सुरुवात करावी, टाळकऱ्यांनी उचलून धरावे, पखवाजवाल्याने ठेका द्यावा. यात विचार करण्यासारखे ते काय, असे कुणीही म्हणेल. आम्हीही तसेच म्हणत होतो. परंतु मागे कळंब्याच्या मध्यवर्ती कारागृहात भजनास जाण्याचा योग आला, आणि तेथील एका बंद्याच्या साध्या प्रश्नाने आम्हांस गप्प बसविले. ती हकीकत सांगावयाची आहे. पण त्याआधी थोडे मागून येणे भाग आहे.

एकट्या तुकोबारायांच्या गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत. ज्ञानोबाराय, नामदेवराय, नाथमहाराज, चोखोबा, जनाबाई हे आणखी वेगळेच. रात्रीच्या तीन तासांच्या भजनात म्हणून होतात ते फार तर पंधरा-वीस. म्हणजे एक अभंग घेतला की शेकडो सोडले, असा हा व्यवहार. कोणते सोडायचे हे ज्याचे त्याने ठरवावे असे म्हटले असते, तर दर एकादशीला देवळात भांडणेच झाली असती. (तशी ती होतातही, नाही असे नाही.) आपल्या पूर्वजांनी ही अडचण ओळखली होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी माउलींच्या पालखी सोहळ्यास शिस्त लावून दिली, त्यात दिंड्यांच्या क्रमाबरोबर भजनाचा क्रमही आला. पहाटे काकडा, सायंकाळी हरिपाठ, आरंभी नाममंत्र आणि रूपाचे अभंग, मग त्या त्या वाराचे अभंग. गौळण आपल्या जागी, काला आपल्या जागी. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला उभा राहिलेला बुवा कितीही विद्वान असो, त्याने श्रीकृष्णाच्या बाललीलेचाच अभंग लावायचा. तेथे त्याची आवड कुणी विचारत नाही.

ख्रिस्ती धर्मातही असे काही आहे हे वाचून आम्हांस नवल वाटले. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांनी घालून दिलेल्या नियमाप्रमाणे मठातील साधूंनी दीडशे स्तोत्रे आठवड्याभरात म्हणून पुरी करायची. मन आनंदात असताना शोकाचे स्तोत्र वाट्याला येईल, दुःखात असताना उत्सवाचे येईल. जे आले ते म्हणायचे. इतक्या दूरच्या माणसांनाही तीच वाट सापडली.

मात्र क्रम ठरला तरी सगळे ठरत नाही. रूपाचे अभंग घ्यायचे, पण त्यांतला कोणता? गौळण घ्यायची, पण कोणती, आणि कोणत्या चालीत? एवढ्या फटीतून मन आत शिरतेच. आषाढीला कोल्हापूरहून नंदवाळला दिंड्या जातात, पुईखडीला रिंगण होते. त्या वाटेवर आमची तरुण पोरे चित्रपटाच्या चालीवर अभंग धरतात, कारण बघ्यांची गर्दी त्याने थांबते. आमच्यासारखे जुने लोक त्यांना रागावतात आणि घटकाभराने स्वतः अवघड चालीचा अभंग काढतात, कारण तो दुसऱ्या मंडळाला येत नाही! दोन्हींत ऐकणाराकडे चोरून एक डोळा आहेच. हा मोह उघडा असल्यामुळे ओळखू तरी येतो. दुसरा एक मोह आहे, तो सज्जनाच्या वेषाने येतो, आणि आम्ही फसलो ते त्याला.

कारागृहात जायचे ठरले तेव्हा आम्ही आठ दिवस आधी बसून यादी केली. एरवी आम्ही यादी कधी करीत नाही. या वेळी मात्र वाटले, तेथे कोण माणसे आहेत याचा विचार करून अभंग निवडावेत. पापाचे, अनुतापाचे, केलेल्या कर्माच्या भोगाचे, पतितांना देव तारतो अशा अर्थाचे. गौळणी अजिबात नकोत, असे आमच्यापैकीच एकाने सुचविले आणि ते सर्वांना पटले. यादी उत्तम झाली होती. दारात टाळांच्या जोड्या मोजून आत नेल्या. बंदी शिस्तीने बसले होते. भजन चांगले झाले असे आम्हांस वाटले, आवाजही लागला होता. फक्त एक गोष्ट खटकली. समोरून कुणी साथ करीना. माना खाली घालून सगळे ऐकत होते. आम्ही समजलो, पश्चात्ताप होत असावा.

आवराआवर करताना साठीच्या घरातील एक बंदी पुढे आला. हात जोडून म्हणाला, "माउली, एक इचारू? ह्ये अभंग तुमी गावातल्या देवळात बी म्हणता न्हवं?"

"म्हणतो की," आम्ही म्हणालो, "कधीमधी."

"आन एकादशीला?"

एकादशीला आम्ही मालिकेप्रमाणे म्हणतो, आणि गौळणीला तर सगळे देऊळ उठून नाचते, हे त्याला कसे सांगावे? आम्ही काही बोललो नाही. त्यालाही बहुधा कळले. तो म्हणाला, "पुढल्या खेपेला गावात म्हणता त्येच म्हणा की."

परतताना तलावाच्या कडेने चालत होतो. संस्थानकाळी शहराला पाणी देण्यासाठी बांधलेला हा कळंबा तलाव. त्या संध्याकाळी आमच्यापैकी कुणी फारसे बोलले नाही. हळूहळू ध्यानात आले की आमच्या हातून काय झाले ते. तुकोबारायांनी पतित म्हटले ते स्वतःला. त्या अभंगांतला 'मी' हा म्हणणाराचा 'मी' आहे. गाथा उघडून पाहा, ही कबुली ते ऐकणाराकडून घेत नाहीत, स्वतः देतात. आम्ही तोच अभंग तोंडाने 'मी' म्हणत गायिलो आणि मनात त्याचा 'तू' केला. शब्द जसाच्या तसा राहिला आणि अर्थ मात्र फिरला. आम्ही भजन केले नाही, न्यायाधीशाने सांगितलेली शिक्षा टाळ वाजवून पुन्हा सांगितली. अनुतापाचे अभंग वाईट होते काय? मुळीच नाही. आम्हांस स्वतःला त्यांची गरज वाटली असती आणि म्हणून ते घेतले असते, तर त्या मंडळींनी साथ केली असती असे आता वाटते.

हे आम्ही बैठकीत बोलून दाखविले तेव्हा आमच्यातील एक वृद्ध टाळकरी चिडले. त्यांचे म्हणणे टाकून देण्यासारखे नाही. ते म्हणाले, "त्या माणसांत कुणी खून केलेला असेल. ज्याचा जीव गेला त्याची आई पलीकडच्याच गावात रडत बसली असेल. तिच्या मुलाला मारणाऱ्यापुढे तुम्ही गौळण म्हणून नाचणार?" याला उत्तर काय? त्या माउलीच्या दुःखापुढे आमची तत्त्वचर्चा फिकी आहे, हे आम्ही मान्य केले. बराच वेळ कुणी बोलेना. मग पखवाजवाले, जे एरवी तोंड उघडत नाहीत, ते हळूच म्हणाले, "तिनं बोलावलं तर तिच्या दारात काय म्हणशीला, नाना?"

नाना म्हणाले, "हरिपाठ."

"आन त्येंच्याफुडं?"

नाना उत्तर न देता पान जमवू लागले.

आम्हांस वाटते, क्रमाचे मोल येथे आहे. हरिपाठाचे सत्तावीस अभंग त्या आईच्या दारात तेच, कारागृहात तेच आणि आमच्या देवळातही तेच. ते आपण निवडलेले नसतात, म्हणून त्यांतून ऐकणाराला आपला निकाल ऐकू येत नाही. परंतु हेही सांगितले पाहिजे की क्रमाच्या आड लपताही येते. दुःखाच्या घरी पुत्र गमावलेल्या बापाने, 'पोराच्या आवडीची ती गौळण म्हणा' असे डोळे पुसत सांगितले, आणि बुवाने 'या वेळी गौळण येत नाही' म्हणून नकार दिला, तर त्याने मालिका पाळली आणि माणूस दुखविला. फर्माईश आणि मागणे यांत फरक आहे. तो कसा ओळखावा याचा नियम आम्हांस अजून सापडलेला नाही. समोरच्याच्या तोंडाकडे पाहावे लागते, एवढे खरे.

दुसऱ्या खेपेस आम्ही यादी न करता गेलो. दिवस गुरुवारचा. नाना येणार नाहीत असे आम्ही धरून चाललो होतो. ते सर्वांच्या आधी टाळ घेऊन दारात उभे होते. नाममंत्र झाला, रूपाचे अभंग झाले, आणि हरिपाठाला सुरुवात होताच समोरच्या रांगांतून आवाज आला. कित्येकांना तो तोंडपाठ होता! आमच्यापेक्षा त्यांचाच सूर मोठा झाला. वेळ संपत आली तेव्हा पहारेकऱ्याने घड्याळाकडे पाहिले. एवढ्यात गौळणीची जागा आली. आम्ही नानांकडे पाहिले. ते खाली पाहत होते. पण टाळ त्यांनी खाली ठेवले नव्हते. वीणेकऱ्याने गौळण धरली.