पोटात पहिल्यांदा पाणी होते तेव्हा

सिरोसिस झालेल्या माणसाच्या घरात ‘लिव्हर बदलायचे का?’ हा प्रश्न फार वेळा अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभे राहून विचारला जातो. तोवर किडनी मंदावलेली असते, अंगावरचे मांस झडलेले असते, रक्तात जंतुसंसर्ग भिनलेला असतो. ज्या शस्त्रक्रियेने माणूस वाचला असता, ती पेलण्याची ताकदच त्याच्यात उरलेली नसते. हा उशीर आपण दैवावर किंवा पैशावर ढकलतो. माझ्या मते त्याच्या मुळाशी एक गल्लत आहे. प्रत्यारोपणाचा विचार कधी सुरू करायचा आणि प्रत्यारोपण कधी करायचे, हे दोन वेगळे प्रश्न आपण एकच धरून चालतो. शस्त्रक्रिया घाईने करू नये हे खरेच. पण म्हणून चौकशीही लांबवावी, असे त्यातून निघत नाही.

सिरोसिसचे यकृत वर्षानुवर्षे निभावून नेते. व्रणांनी घट्ट झालेल्या त्या अवयवातला शाबूत भाग सगळे काम ओढतो, माणूस नोकरीला जातो, चारचौघांसारखा जेवतो. मग एक दिवस पोटात पाणी साठते, रक्ताची उलटी होते, कावीळ चढते किंवा माणूस असंबद्ध बोलू लागतो. सिरोसिसवरच्या 118 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2006 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार यातले काहीही न झालेल्यांपैकी निम्मे रुग्ण बारा वर्षांहून अधिक जगतात. यातले एखादे लक्षण दिसल्यावर मात्र निम्मे जेमतेम दोन वर्षे काढतात. आजाराचा खरा उंबरठा हा आहे. आणि नेमक्या याच ठिकाणी आपली फसगत होते. सुईने पाणी काढले, लघवीच्या गोळ्या सुरू झाल्या, मीठ तोडले, की पोट उतरते, भूक लागते आणि घरचे निर्धास्त होतात. यकृत मात्र होते तिथेच असते. पुढच्या खेपेला त्याच पाण्यात जंतू होतात, नाहीतर किडनी बसते.

मग वेळ ठरवायची कशी? जगभर त्यासाठी ‘मेल्ड’ हा गुणांक वापरतात. बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याचा आयएनआर यांवरून तो 6 ते 40 पर्यंत मोजतात. पुढे त्यात सोडियमही आले. मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी तो 2000 साली मांडला तो वेगळ्याच कामासाठी: यकृतातल्या रक्ताचा दाब कमी करणारी नळी बसवल्यावर कोण दगावेल याचा अंदाज घ्यायला. 2002 पासून अमेरिकेत त्यावर प्रतीक्षायादीचा क्रम लागू लागला. यादीत आधी नाव घातलेल्यापेक्षा जास्त आजारी असलेल्याला यकृत आधी मिळू लागले, हा मोठा न्याय झाला. अमेरिकेतल्याच 2005 सालच्या विश्लेषणाने दाखवले की गुणांक 15च्या खाली असताना प्रत्यारोपण केलेल्यांत पहिल्या वर्षातले मृत्यू नुसते थांबलेल्यांपेक्षा जास्त होते. तेव्हा ‘थांबा’ म्हणणाऱ्या डॉक्टरांकडे पुरावा आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण गुणांकाला पोटातले पाणी दिसत नाही, भ्रम दिसत नाही, झिजलेले स्नायू दिसत नाहीत. बायकांचे स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिनही कमी. त्यामुळे त्यांचा आजार कागदावर हलका दिसत राहिला. अमेरिकेतल्या वाटपात ही चूक सुधारायला 2023 साल उजाडले. रांगेत पुढे कोण, हे सांगणारा हा आकडा समोरच्या माणसाची पूर्ण हकिकत सांगत नाही.

आपल्याकडे तर बहुतेक प्रत्यारोपणांत रांगच नसते. मेंदूमृत दात्यांकडून मिळणारी यकृते गरजेच्या मानाने फारच थोडी, म्हणून पत्नी, मुलगा, बहीण असे कुणीतरी आपल्या यकृताचा तुकडा देते. उजवा भाग दिला तर तो निम्म्याहून अधिक असतो. यकृत पुन्हा वाढते, तरीही दर दोनशे ते पाचशे दात्यांमागे एक जीव जाऊ शकतो, असा अंदाज आहे. निरोगी माणसाला या जोखमीत घालायचे तर घाई नको, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पण तो लवकर चौकशी करण्याच्याच बाजूने जातो. दात्याचा रक्तगट, यकृताचा आकार, त्यातली चरबी तपासावी लागते. चरबी असेल तर काही महिने वजन उतरवावे लागते. शिवाय नाही म्हणण्याचा त्याचा हक्क जपायचा, तर त्याला विचार करायला वेळ हवा. रुग्ण व्हेंटिलेटरवर असताना मागितलेली संमती कितपत मोकळी असते?

दुसरा आक्षेप असा की औषधांनीही यकृत सावरते. खरे आहे. हेपटायटिस सीवर आज गोळ्यांचा काही आठवड्यांचा कोर्स बहुतेकांना बरे करतो. राष्ट्रीय कार्यक्रमात 2018 पासून ही औषधे मोफत मिळतात. दारू कायमची सुटली तर काहींचे पोटातले पाणीही परत येत नाही. अशांना शस्त्रक्रिया लागणार नाही, पण कोण सावरतो आहे हे कळायलाही नीट मोजत राहावे लागते. दारूमुळे आजारी पडलेल्याने आधी सहा महिने कोरडे राहून दाखवावे, हा दंडक मात्र मला मान्य नाही. फ्रान्स-बेल्जियममधील 2011च्या अभ्यासात औषधांना दाद न देणाऱ्या, दारूने यकृत सुजलेल्या निवडक रुग्णांपैकी प्रत्यारोपणानंतर सहा महिन्यांनी 77 टक्के जिवंत होते. प्रत्यारोपणाविना 23 टक्के. सहा महिन्यांचा हट्ट धरला असता, तर यांतले बरेच त्या मुदतीतच गेले असते. राहिला पैसा. खासगी रुग्णालयात खर्च 20 लाखांच्या घरात किंवा वर जातो आणि हा अन्याय खराच आहे. पण मुख्यमंत्री सहायता निधी, धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटा, विश्वस्त संस्था यांची कागदपत्रे एका रात्रीत होत नाहीत.

म्हणून विनंती एवढीच: घरातल्या सिरोसिसच्या रुग्णाच्या पोटात पहिल्यांदा पाणी झाले, रक्ताची उलटी झाली किंवा भ्रम झाला, की त्याच महिन्यात डॉक्टरांकडून मेल्डचा आकडा लिहून घ्या आणि प्रत्यारोपण केंद्रासाठी चिठ्ठी मागा. तिथे ‘अजून वेळ आहे’ असे सांगितले, तर पुन्हा कधी दाखवायचे ती तारीख ठरवूनच घरी या.