जिना उतरायचा कुणी?

आमच्या तालुक्याच्या गावातलं वाचनालय दुमजली आहे. वर अभ्यासिका, खाली देवघेव विभाग. सकाळी सातला अभ्यासिकेचं दार उघडतं तेव्हा पायऱ्यांवर मुलंमुली आधीच बसलेली असतात. खाली वर्तमानपत्रांच्या टेबलाशी चार निवृत्त मंडळी, आणि त्यांच्यामागे भिंतीला लावलेली लोखंडी कपाटं. गेल्या पावसाळ्यात तिथे तासभर बसून होतो. वर पन्नासेक मुलं अभ्यास करत होती. त्यांतली काही जिना उतरून आली, माठातलं पाणी प्यायली आणि परत वर गेली. कपाटांकडे एकही वळलं नाही.

वर जाऊन एका मुलाशेजारी टेकलो. त्याच्यापुढे स्पर्धा परीक्षेचं गाइड होतं आणि त्यात 'जोड्या लावा': एकीकडे समाजसुधारक, दुसरीकडे त्यांचे ग्रंथ. लोकहितवादींपुढे त्यानं 'शतपत्रे' बरोबर लिहिलं होतं. हे पुस्तक खालच्या कपाटात आहे, असं मी सांगितल्यावर त्यानं विचारलं, "आम्हाला घेता येतं का, सर? आम्ही फक्त अभ्यासिकेची फी भरतो."

त्या प्रश्नानं मी निरुत्तर झालो. खाली येऊन 'शतपत्रे' मागितलं. किल्ल्यांचा जुडगा आला, तिसरी किल्ली लागली. पुस्तकाच्या शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का 2011 सालचा होता. लोकहितवादींनी ही पत्रं 'प्रभाकर' साप्ताहिकात लिहायला घेतली 1848 साली, आणि त्याच साली पुण्यातलं सार्वजनिक ग्रंथालय उभं राहिलं तेही त्यांच्याच पुढाकारानं. ते ग्रंथालय आज पुणे नगर वाचन मंदिर म्हणून ओळखलं जातं. लोकांनी वाचावं म्हणून ज्यानं ग्रंथालय उभारलं, त्याचं पुस्तक आमच्याकडे परीक्षेतल्या एका जोडीपुरतं उरलं आहे.

वाचनालयं ओस पडली, मोबाइलनं वाचन खाल्लं, ही वाक्यं आपण इतकी वापरली आहेत की ती तपासून पाहायचं राहूनच गेलं. वाचक आमच्या इमारतीत रोज आठ-दहा तास बसलेला आहे. त्याच्या आणि पुस्तकाच्या मध्ये एक जिना, एक कुलूप आणि एक न दिलेलं सभासद-कार्ड आहे.

कुलूप लावणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण ग्रंथपालाच्या खुर्चीत बसून पाहा. वेतन तुटपुंजं, मदतीला कुणी नाही. साठा पडताळणीत दाखल नोंदवहीतलं एखादं पुस्तक कमी भरलं की खुलासा त्यानंच द्यायचा. पुस्तक हरवलं तर जाब विचारणारे असतात, पण ते पंधरा वर्षं कुणी वाचलं नाही याचा जाब कुणी विचारत नाही. मग शहाणा माणूस पुस्तक वाचायला देण्यापेक्षा सांभाळण्यावरच भर देणार.

डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं पहिलं, 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत', इतकं उघड वाटतं की ते मांडावं का लागलं, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर इतिहासात आहे. मध्ययुगीन युरोपात ग्रंथ साखळीनं फळीला जखडून ठेवत. साखळ्या गेल्या, पण त्यामागची वृत्ती आपल्याकडच्या कपाटांत अजून शाबूत आहे.

तिला परंपराही आहे. रत्नागिरी 1828, नगर 1838, नाशिक 1840, कोल्हापूर 1850 ही आपल्या जुन्या वाचनालयांची सालं आपण अभिमानानं सांगतो, आणि तो अभिमान रास्त आहे. पण या संस्था रुजल्या त्या वर्गणी भरणाऱ्या मूठभर शिक्षितांच्या बळावर. ठाण्यात 1893 साली आणि मुंबईत 1898 साली ज्या संस्था निघाल्या त्यांनी 'ग्रंथसंग्रहालय' हे नाव घेतलं. छापील मराठी ग्रंथ जपणं हे तेव्हाचं निकडीचं काम होतं आणि त्यांनी ते केलं नसतं तर कितीतरी पुस्तकं आज नावालाही उरली नसती. मात्र संग्रह हे राज्यातल्या दोन-चार मोठ्या संस्थांचं काम. तालुक्याच्या वाचनालयानं तोच कित्ता गिरवला की त्याचं कोठार होतं.

दुसरा कित्ताही आपल्यासमोर होता. सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बडोद्यात बोलावलं, गावोगाव मोफत वाचनालयं काढली आणि पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेड्यांत पाठवल्या. वाचक येत नाही म्हणून खंत करत बसण्यापेक्षा पुस्तकच त्याच्याकडे निघालं. आपल्याला खेड्यात पेटी पाठवायची नाही, ती फक्त एक मजला वर न्यायची आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. अभ्यासिकेच्या फीमध्येच एका वेळी एक पुस्तक घरी नेण्याचं कार्ड द्यावं. जिन्याच्या वळणावर एक उघडी मांडणी ठेवावी आणि तिच्यावरची पुस्तकं दर पंधरवड्याला बदलावीत. देवघेव संध्याकाळी तासभर जास्त चालावी, कारण नोकरी करणारा माणूस आठच्या आधी मोकळा होत नाही.

पुस्तकं चोरीला जातील? काही जातील. पण कपाटात कसर लागून जाणाऱ्या पुस्तकांची मोजदाद आपण कधी केली? चोरलेलं पुस्तक निदान एकाला तरी हवं होतं. दुसरा आक्षेप असा की परीक्षेच्या धबडग्यात मुलांना अवांतर वाचायला वेळ कुठे? सगळ्यांना नसेलच. पण यातल्या बहुतेकांना या परीक्षांतून नोकरी मिळणार नाही, हे कटू असलं तरी खरं आहे. गावाकडे परतताना वाचनाची सवय सोबत असली, तर इथे घालवलेली वर्षं अगदीच वाया जाणार नाहीत.

आपण मात्र 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन करतो, ग्रंथदिंडी काढतो, पालखीतल्या ग्रंथांवर फुलं वाहतो. दिंडी परतली की ते ग्रंथ पुन्हा कुलपात जातात.

हे बदलणं कुणाच्या हाती आहे? महाराष्ट्रातली दहा हजारांहून अधिक मान्यताप्राप्त ग्रंथालयं 1967 च्या कायद्याखाली अनुदान घेतात. पण त्यातली जवळजवळ सगळी चालवतात त्या गावातल्याच संस्था. कार्यकारिणी सभासदांतून येते आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदाला उठून बोलता येतं. आमच्याकडे गेल्या सभेला सतरा माणसं होती, कार्यकारिणी धरून. तेव्हा वाचनालय चालत नाही अशी हळहळ वाटत असेल, तर या आठवड्यात जाऊन वर्गणी भरा, एक पुस्तक मागून घ्या, आणि पुढच्या सभेत कपाटं उघडी ठेवण्याचा ठराव मांडा. सतरांत अठरावा माणूसही पुष्कळ असतो.