चिंधीचं तवसं

राजापूर तालुक्यातल्या आमच्या आजोळी श्रावणात परसातल्या मांडवाखालून मान वाकवूनच जावं लागे. दोडकी, पडवळं, तवशी म्हणजे मोठाल्या काकड्या डोक्याला लागत. न्हाणीच्या पाण्यावर पोसलेलं अळू कमरेपर्यंत आलेलं असे. त्या मांडवावरच्या एका तवशाच्या देठाला आजी लाल चिंधी बांधून ठेवी. चिंधीचं तवसं तोडायचं नाही, हा घराचा नियम. पाहुणे आले, कोशिंबीर कमी पडली, तरी त्याला कोणाचा हात लागत नसे. आणि ते वेलीवरचं सगळ्यात उत्तम, भरदार फळ असे. चांगलं तेच का राखायचं, हा प्रश्न मला तेव्हा पडे.

परसबागेबद्दल बोलताना आपण ताजी भाजी, औषधं न फवारलेली भाजी आणि वाचलेले पैसे यांबद्दल बोलतो. ते खरंच आहे. पण स्वतः गच्चीवर वेल लावायला लागल्यापासून मला वाटू लागलंय की, परसबाग घराला तोडायला शिकवते, त्याहून जास्त राखायला शिकवते.

राखणं फुकट होत नाही. काकडीची वेल फळते ती बी धरण्यासाठी. कोवळी फळं काढत राहिलं तर ती नवी फुलं आणत राहते. एखादं फळ जून होऊ दिलं की तिचा जोर त्याच्या बियांकडे वळतो आणि बहर ओसरू लागतो. म्हणजे चिंधीच्या एका तवशापायी आजी चार-पाच कोवळ्या काकड्यांवर पाणी सोडत होती. मांडवावर दिसणारं सगळंच आपलं नाही, त्यातला एक वाटा पुढच्या पावसाळ्याचा आहे, हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. चिंधी बांधली, एवढंच.

भाद्रपद सरत आला की ते तवसं पिवळं पडे, साल जाड होई, आणि मग आजी ते विळीवर चिरे. मधला बियांचा गर ती राखेत कालवी आणि त्याचे गोळे माजघराच्या भिंतीवर थापून ठेवी. राखेने ओल शोषली जाई, कीड लागत नसे. मृग येईपर्यंत बी तिथेच. उरलेल्या गराचं धोंडस व्हायचं. तांदळाचा रवा तुपावर खमंग भाजायचा, किसलेलं तवसं त्याच्या पाण्यासकट घालायचं, मग गूळ, ओलं खोबरं, वेलची आणि चवीला मीठ. रवा फुलून मिश्रण आटलं की जाड बुडाच्या पातेल्यात तळाला हळदीचं पान घालून ते थापायचं. खाली मंद आच आणि झाकणावर निखारे. वरचा थर लालसर, खरपूस झाला की हळदीच्या पानाचा वास ओटीपर्यंत येई. ना अंडं, ना सोडा. तवशाचं पाणी रव्याला मऊ करी आणि वरखालची धग त्याला धरून ठेवी. भट्टी नसलेल्या घरांनी शोधलेलं हे भाजणं होतं. फणसाचं, आंब्याचं धोंडसही असंच होतं.

शहरात आल्यावर मी बाजारच्या काकडीचं धोंडस करून पाहिलं. ओव्हनमध्ये, 180 अंशांवर. रंग छान आला, पण ते पानचट लागलं. जून तवशाचा तो गोडसर, दाट वास त्यात नव्हता. पदार्थ विसरले जातात तेव्हा आपण म्हणतो, कृती माहीत असणारी माणसं गेली. कृती तर माझ्याकडे होती. नव्हतं ते फळ. फळ पिकेपर्यंत थांबणारं घर संपलं की त्या फळाचा पदार्थही संपतो.

बियांचंही तेच. संकरित वाणाचं बी घरी धरलं तरी पुढच्या पिढीत गुण जसेच्या तसे उतरत नाहीत; दरवर्षी पाकीट विकत आणावं लागतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणं जमवली, जपली, इतर बायकांना दिली आणि परसबागा उभ्या करायला लावल्या. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या कामाचा पाया पाहिला तर तो घराघरांतल्या अशाच सवयीत आहे: चांगलं ते आधी बियाण्याला ठेवायचं. उरलंसुरलं, किडकं ठेवलं तर वेल वर्षागणिक खालावते. मला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर इतकं साधं होतं.

गावाहून एका मावशीने मूठभर बी दिलं होतं. यंदा गच्चीवरच्या दोन ड्रमांत ते रुजलं. पहिलं तवसं वीतभर झालं, तेव्हा माझा मुलगा सुरी घेऊनच आला. त्याला आधी जुन्या परकराची चिंधी शोधायला पाठवलं. गाठ त्यानेच मारली. आता रोज सकाळी तो ते फळ बघून येतो, आणि खालच्या फांदीवरची काकडी तोडून आणतो.