दुसरी वारी कोणाची?

पंढरीला पहिल्यांदा पायी जाऊन आलेल्या माणसाचे गावात कोण कौतुक होते! लोक त्याच्या पाया पडतात, त्याच्या हातून कपाळी बुक्का लावून घेतात. किती चाललात, पायांना फोड आले का, माउलींचा रथ जवळून पाहायला मिळाला का, असे दहा प्रश्न विचारतात. तोच मनुष्य पुढच्या ज्येष्ठात पुन्हा पडशी भरू लागला म्हणजे दहा प्रश्नांचा एकच प्रश्न होतो. "आता परत कशाला?"

हा प्रश्न विचारणारे सगळेच काही टवाळ नसतात. टवाळाला उत्तर देण्याचे कारण नाही. पण पुष्कळदा हा प्रश्न घरातूनच येतो, चुलीपासून येतो, आणि विचारणाऱ्या माउलीची विठोबावरची निष्ठा जाणाऱ्यापेक्षा तसूभरही कमी नसते. म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे.

आपल्या संप्रदायाचे नावच या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. वारी म्हणजे खेप, फेरी, ठरल्या वेळी पुन्हा येणे. काशीची यात्रा एकदा झाली, गंगेचा गडू घरी आणला, मावंदे घातले, की जन्माचे काम झाले असे आपले वाडवडील मानीत. तो यात्रेकरू. पंढरीचे तसे नाही. गळ्यात तुळशीची माळ घालताना आषाढी-कार्तिकीपैकी निदान एक वारी नेमाने करीन, असे कबूल करावे लागते. एकदाच करीन, असे कोणी कबूल करीत नाही आणि कोणी करवूनही घेत नाही. तेव्हा हिशेबाने पाहिले तर मनुष्य पहिल्या खेपेस यात्रेलाच गेलेला असतो. वारकरी तो दुसऱ्या खेपेस होतो.

पण शब्दाच्या अर्थाने घरातल्या माणसाचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. ते म्हणते, "देव बघून आलात ना? मग?" देव पाहणे एवढेच वारीचे प्रयोजन असते तर हा प्रश्न बिनतोड होता. श्रीतुकोबारायांच्या घराण्याची परंपरा आठवून पाहा. त्यांचे पूर्वज विश्वंभरबाबा देहूहून नेमाने पंढरीस जात. परंपरा सांगते, की त्यांच्या निष्ठेने संतुष्ट होऊन देव स्वतःच देहूस आला आणि इंद्रायणीकाठी त्याचे राऊळ झाले. आता देव घरी आला म्हटल्यावर वारी संपायला हवी होती, नाही का? जे हवे ते मिळाले, तेही दारात. पण त्या घराण्यात वारी पुढे चालूच राहिली. तुकोबारायांच्या घरी ती वडिलार्जित होती, आणि त्यांच्या पश्चात त्यांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ च्या सुमारास पालखीचा सोहळा सुरू केला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा स्वतंत्र सोहळा आळंदीहून नेला. देव देहूस असता ही माणसे पंढरीस काय मिळवायला जात होती? मिळवायला जात नव्हती, एवढेच म्हणता येते.

पहिल्या वारीत मनुष्य मिळवायला जातो, यात वावगे काही नाही. कोणाचा नवस असतो, कोणाला दुःख विसरायचे असते, कोणाला नुसते पाहायचे असते. दिव्याचा घाट, जेजुरीचा भंडारा, नीरेवरचे माउलींचे स्नान, चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण, वाखरीला जमणारा तो अफाट मेळा, हे सर्व पहिल्या खेपेस डोळ्यांत मावत नाही. असे एकदा चालून चांगले पुस्तकही लिहिता येते. द. बा. मोकाशी यांचे 'पालखी' १९६४ साली प्रसिद्ध झाले, ते असेच सोहळ्याबरोबर चालून लिहिलेले, आणि फार प्रांजळ आहे. दुसऱ्या वारीवर मात्र कोणी पुस्तक लिहीत नाही. लिहिण्यासारखे उरते काय? घाट तोच, तळ तेच, टँकरपुढची रांग तीच. पंढरपुरात पदस्पर्शाची रांग इतकी लांब, की कित्येक जुने वारकरी लांबूनच कळसाला हात जोडतात आणि माघारी फिरतात. पहिलटकर यावर खट्टू होतो. "एवढं चाललो आन् कळसच पाह्यला!" दुसऱ्या वर्षी निघणाऱ्याला हे सगळे आधीच ठाऊक असते. तरी तो निघतो.

का निघतो, हे सांगायला आम्हांला डिंभ्याच्या बाजूचा एक शब्द फार उपयोगी वाटतो.

डिंभे हे आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पश्चिमेस, भीमाशंकरच्या वाटेवर. घोड नदीवर येथे मोठे धरण आहे. जलाशयाला याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिलेले आहे. जुने आंबेगाव या पाण्याखाली गेले. तालुक्याचे नाव त्याचे, आणि कचेरी घोडेगावला, असा तो प्रकार आहे. घोड पुढे भीमेला मिळते आणि भीमा पंढरपुरी चंद्रभागा होते. एका तरुण कीर्तनकाराने यावर छान दृष्टान्त दिलेला आम्ही ऐकला आहे, की डिंभ्याचे पाणी दर वर्षी पंढरीला जाते, त्याला कोणी 'परत कशाला' विचारते का? टाळ्या पडल्या. पण पाण्याला बायकापोरे नसतात, हे त्या बुवांच्या ध्यानात आले नाही.

धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर भाताची खाचरे आहेत. राब भाजायचा, रोपे टाकायची, पाऊस बसला की चिखलणी करून आवणी करायची. रोप साधारण तीन आठवड्यांचे झाले की लावलेले बरे. त्याचे वय टळले की फुटवे कमी फुटतात आणि त्या वर्षीचे भात तेवढे घटते. एका घराच्या माणसांनी ही आवणी वेळेत उरकत नाही. म्हणून सावड असते. आज तुम्ही आमच्या खाचरात या, उद्या आम्ही तुमच्या खाचरात येऊ. सावडीत पैसा नाही, कागद नाही. पण जी सावड घेतली ती फेडावीच लागते, आणि ती हातापायांनीच फेडायची असते.

आमचे म्हणणे असे, की पहिल्या वारीत मनुष्य वाटेची सावड घेतो. दिंडीची भिशी भरली म्हणून सगळे फिटत नाही. अनोळखी घराने ओसरी दिली, कोणी पायांना तेल चोळले, पावसात तंबू पडला तेव्हा शेजारच्या दिंडीने आत घेतले, माग चुकलेल्या म्हातारीला कोणी बोट धरून तळावर आणले. हे सर्व आपण घेतो, आणि देणाऱ्याचे नावही आपल्याला कळत नाही. ज्याच्याकडून घेतले त्यालाच परत देणे शक्य नाही. दुसऱ्या वर्षी जो जातो तो ही सावड फेडायला जातो. पाणी कोठे कमी पडते, पहिलटकर कोठे बसकण मारतो, हे त्याला माहीत असते. त्याचे लक्ष स्वतःच्या फोडांवरून उठून दुसऱ्याच्या टाचेवर जाते. मिळवण्याचे काही उरलेले नाही, म्हणूनच त्याचा हात मोकळा असतो.

येथवर सगळे गोड आहे. अडचण पुढेच आहे.

वाटेची सावड फेडायला निघालेल्या माणसावर घरचीही सावड असते. दोन्ही एकाच पंधरवड्यात आल्या तर आधी कोणती? देशावर पेरणी उरकून लोक वारीला लागतात, त्यांना हा पेच तितका पडत नाही. डिंभ्याच्या वर तो दर दोन-तीन वर्षांनी पडतो, कारण तिथी पुढेमागे सरकते आणि पाऊस आपल्या मर्जीने येतो. २०२३ साली माउलींचे प्रस्थान ११ जूनला झाले आणि आषाढी २९ जूनला झाली. त्या वर्षी पाऊसही जून संपता संपता आला. त्या साली गेलेला मनुष्य आवणीच्या आत घरी परतला, त्याचे काहीच अडले नाही. पुढच्या साली, २०२४ ला, प्रस्थान २९ जूनला आणि एकादशी १७ जुलैला. म्हणजे ऐन आवणीत.

याच दोन सालांत धरणाकाठच्या एका वाडीतल्या एका गृहस्थांवर हा प्रसंग आला. २०२३ ला ते आमच्या शेजारच्या दिंडीत पहिल्यांदा चालले. २०२४ ला पुन्हा निघण्याची त्यांनी तयारी केली, भिशीही भरली. तेव्हा घरातून शब्द आला, "आवं, गेल्या सालाला गेलात तवा म्या काय बोलले का? औंदा रोपं काय इठोबा येऊन लावणार हाय?" आणि मग, थोडे थांबून, "आन् तुमची दुसरी व्हायची, तर माझी पयली कवा?"

हे दुसरे वाक्य आम्हांला पहिल्यापेक्षा फार मोठे वाटते. पहिले वाक्य शेताचे आहे. त्याला गडी लावून, भाऊबंदांना सांगून काही उत्तर काढता येते. दुसऱ्याला तसे उत्तर नाही. ज्या बाईने मागल्या वर्षी घर, गुरे, राब सांभाळला म्हणून याची पहिली वारी घडली, तिच्या पहिल्या वारीआधी याने दुसरी करावी काय? वाटेवरच्या अनोळखी माणसांची सावड फेडायला हा निघाला. पण सर्वांत आधी घेतलेली सावड चुलीपाशी बसली होती.

कोणी म्हणेल, परमार्थात असा पंक्तिभेद नसतो, ज्याला बोलावणे आले त्याने जावे. आम्हांला हे पटत नाही. पुंडलिकाची कथा ज्या संप्रदायाच्या उगमाशी आहे त्याने तरी असे बोलू नये. देव दारात आला तरी आईबापांचे पाय दाबणारा हात त्याने थांबवला नाही. वीट फेकली आणि उभा राहा म्हणाला. देव अजून उभा आहे. ज्याला घरच्या सेवेसाठी ताटकळणे कमीपणाचे वाटले नाही, त्याच्याकडे घरचे देणे बुडवून जाण्याची घाई कशाला? कर्ज बुडवून वारीला जाणाऱ्याला आपण नावे ठेवतो. बायकोच्या पाठीवर खाचर टाकून जाणाऱ्याला मात्र 'किती हो निष्ठा' म्हणून पुढे मान देतो. हा आपल्या मंडळींतला दोष आहे, आणि दिंडीचालकांनी तो मनावर घ्यावा. नवे नाव लिहून घेताना 'घरी विचारलं का' एवढे तरी विचारावे.

त्या घरात शेवटी असे झाले, की ती गेली आणि तो राहिला. चिखलणी त्याच्या हातची होती, पण रोपे लावणे त्या बाजूला पुष्कळसे बायकांचे काम. तिने चार घरांची सावड घेऊन ठेवलेली होती. ती कोणी फेडायची? यानेच. बायांच्या ओळीत कंबर मोडून हा गडी चार घरांच्या खाचरांत उभा राहिला. त्याची ओळ वाकडी जायची आणि बाया हसायच्या. एकादशीला तो दिवसभर गुडघाभर चिखलात होता, उपवास धरून.

यावर एखादे बुवा लगेच म्हणतील, की त्याला चिखलातच पंढरी भेटली. सावतोबांचा दाखला देतील. सावतोबा अरणचा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देव मळ्यात आला, असे परंपरा सांगते. पण सावतोबांचे सावतोबांना शोभते. या गृहस्थाला पंढरीला जायचे होते आणि तो गेला नाही. पुढे कार्तिकात आळंदीला भेट झाली तेव्हा आम्ही विचारले, तर म्हणाला, "लई वाईट वाटलं. टाळ ऐकू यायचा कानात. पर तिला जाऊ द्यायचं व्हतं." त्याच्या वाईट वाटण्यावर दृष्टान्ताची पूड टाकून ते झाकण्याचा आम्हांला अधिकार नाही. ते वाईट वाटणे खरे होते म्हणूनच त्याचे राहणे मोलाचे होते.

आणि त्याची वारी त्यामुळे बुडाली असेही नाही. २०२० आणि २०२१ या दोन साली महामारीमुळे पायी सोहळा झाला नाही; पादुका यष्टीच्या गाडीतून पंढरीस गेल्या. पन्नास-पन्नास वर्षांचा नेम असलेली माणसे तेव्हा घरी बसली होती. २०२२ ला सोहळा पुन्हा पायी निघाला तेव्हा त्यांना कोणी नव्याने माळ घाल म्हणाले नाही. नेम चालण्यात असतो तसा वाट पाहण्यातही असतो.

२०२५ ला आषाढी ६ जुलैला होती. त्या साली तो गेला. द्वादशीचे पारणे सोडले आणि मिळाली ती यष्टी धरून थेट घरी आला, कारण खाचरे वाट पाहत होती. परतवारीला पालखीबरोबर चालत यावे अशी त्याची फार इच्छा. पण भाताच्या मुलखातल्या माणसाला ते जमणे कठीण. दुसऱ्या खेपेस त्याने काय पाहिले असे विचारता तो फारसे काही सांगू शकला नाही. आळंदी-पंढरपूर मार्ग रुंद होत आहे, तेव्हा पहिल्या वर्षीची काही झाडे सापडली नाहीत, एवढे म्हणाला. मग बराच वेळ दिंडीतल्या एका बार्शीकडच्या म्हाताऱ्याच्या गुडघ्याविषयी बोलत राहिला.

२०२६ च्या पंचांगात अधिक ज्येष्ठ आहे आणि आषाढी २५ जुलैला येते. पंचांग घरात आले त्याच दिवशी दोघांनी चुलीपाशी बसून हिशेब मांडला: राब केव्हा भाजायचा, रोपे किती दिवसांची होतील, आणि कोणाकडून किती सावड घ्यायची.