चार भिंतींतला पराक्रम

करमणुकीच्या कलाकृतीला नीतीचे प्रश्न विचारू नयेत, असे पुष्कळ रसिकांचे मत असते. ऐन दिवाळीच्या फराळाला बसल्यावर कोणी पथ्यपाण्याचा विषय काढला, तर घरातली मंडळी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहतात, त्याच नजरेने मारामारीच्या चित्रपटाची नैतिक चर्चा करणाऱ्याकडे पाहिले जाते. ती नजर पत्करून मी हा विषय काढीत आहे. ज्या चित्रपटाविषयी लिहावयाचे आहे तो मला मनापासून आवडतो. आणि आवडत्या गोष्टीला प्रश्न विचारणे ही कुचेष्टा नव्हे, ती जवळीक आहे.

हा चित्रपट म्हणजे 1988 साली अमेरिकेत प्रदर्शित झालेला, जॉन मॅकटिअर्नन यांनी दिग्दर्शित केलेला ‘डाय हार्ड’. जॉन मॅक्लेन हा न्यूयॉर्कचा पोलीस नाताळच्या आदल्या संध्याकाळी लॉस अँजेलिसला येतो. त्याची पत्नी हॉली तेथे नाकाटोमी या जपानी कंपनीच्या उंच इमारतीत मोठ्या हुद्द्यावर आहे. दोघांत दुरावा आलेला आहे. मेजवानी रंगात असताना हान्स ग्रूबर नावाच्या सुसंस्कृत दरोडेखोराची टोळी इमारतीचा ताबा घेते आणि पाहुण्यांना ओलीस धरते. मॅक्लेन तेवढा निसटतो, तोही अनवाणी. पुढची सारी रात्र त्या एका इमारतीत घडते.

एका जागी कथा बांधून ठेवण्याची ही कल्पना जुनी आहे. स्थलैक्याचा नियम ॲरिस्टॉटलच्या नावावर खपवला जातो. वास्तविक त्याचा भर कृतीच्या एकतेवर होता, आणि स्थळाचा दंडक सोळाव्या शतकातील इटालियन टीकाकारांनी घालून दिला. आपल्याकडे 1933 साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले, तेव्हा रंगवलेले राजवाडे आणि उपवने मागे पडून खऱ्याखुऱ्या खोलीचा देखावा प्रेक्षकांसमोर आला. तेव्हापासून एका दिवाणखान्यात तीन अंक रंगलेले पाहण्याची मराठी प्रेक्षकाला चांगलीच सवय आहे. जागा आखडली की माणसे एकमेकांना टाळू शकत नाहीत, आणि माणसे एकमेकांना टाळू शकली नाहीत की नाट्य आपोआप उभे राहते.

या चित्रपटाचे बळही तेथेच आहे. महिन्याचा पगार मोजून खर्च करणारी गृहिणी जशी कोथिंबिरीची काडीही वाया घालवीत नाही, तसा हा चित्रपट इमारतीचा एकही कोपरा वाया घालवीत नाही. लिफ्टचे खोल विवर, हवेचे अरुंद नळ, छप्पर, अर्धवट बांधलेले मजले, सारे कामी येते. चित्रण झाले ती फॉक्स प्लाझा ही इमारत खरीच होती, आणि तेव्हा तिचे काही मजले पुरे व्हावयाचे होते. प्रारंभी दिसलेली वस्तू पुढे हिशेबाला येते. हॉलीला कंपनीने भेट दिलेले भारी घड्याळ आपण आरंभी सहज पाहतो. अखेरीस ग्रूबर खिडकीबाहेर लोंबकळत तिचे मनगट धरतो, तेव्हा त्या घड्याळाचा पट्टा सोडवला की तिचा जीव वाचतो.

जखमांचाही असाच हिशेब राहतो. त्या दशकातले अमेरिकन पडद्यावरचे वीर म्हणजे स्नायूंचे डोंगर. त्यांना गोळी लागली तरी ती त्यांच्या सोयीने लागे. ब्रूस विलिसने उभा केलेला मॅक्लेन घाबरतो, स्वतःशीच बडबडतो, फुटलेल्या काचांवरून अनवाणी धावतो आणि मग पायातले तुकडे उपसत बसतो. बंद जागेतून वेदनेलाही पळून जाता येत नाही. पराक्रमाला किंमत पडते हे सांगणे ही नीतीचीच गोष्ट आहे, आणि ती या चित्रपटाने चोख सांगितली आहे.

परंतु ज्या भिंती घटनांना एकत्र बांधतात, त्याच भिंती काही गोष्टी बाहेरही ठेवतात. हा चित्रपट रॉडरिक थॉर्प यांच्या 1979 सालच्या ‘नथिंग लास्ट्स फॉरएव्हर’ या कादंबरीवर आधारलेला आहे. कादंबरीचा नायक निवृत्तीला आलेला, थकलेला. इमारतीत त्याची पत्नी नसून मुलगी आहे. ज्या तेल कंपनीवर हल्ला होतो तिचे हात चिलीतल्या लष्करी राजवटीशी केलेल्या काळ्या व्यवहारात माखलेले आहेत, आणि हल्लेखोरांना ते पाप चव्हाट्यावर आणावयाचे आहे. शेवटी खलनायकाबरोबर मुलगीही खाली कोसळते. वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न उरतो : या म्हाताऱ्याने एवढी माणसे मारली ती कोणाच्या बाजूने?

चित्रपटाने हा प्रश्न दाराबाहेर ठेवला. हल्लेखोर क्रांतीची भाषा बोलतात खरे, पण त्यांचा डोळा तिजोरीतल्या 64 कोटी डॉलरच्या रोख्यांवर असतो. कंपनी निष्पाप झाली, मुलगी पत्नी झाली आणि वाचली. कथा घट्ट आणि आनंदी झाली यात शंका नाही. मात्र भिंतींच्या आत आता दोनच जाती उरल्या : मारावयाचे ते आणि वाचवावयाचे ते. बाहेरचे जग नसले की माणसाच्या कृत्याला मागचे कारण राहत नाही आणि पुढचा उद्याही राहत नाही. बंद जागेत पराक्रम कठीण होतो. पण नीती फार सोपी होते.

बंद जागेत सापडलेला एकटा वीर म्हटले की आपल्याला अभिमन्यू आठवणारच. चक्रव्यूहात शिरण्याची विद्या आहे, बाहेर पडण्याची नाही. पाठीमागे जयद्रथाने वाट अडवलेली. समोर सहा महारथी. याहून बंदिस्त रणांगण कोणते असणार? पण व्यासांच्या भिंतींना फटी आहेत. त्याच व्यूहात अभिमन्यूच्या हातून दुर्योधनाचा मुलगा लक्ष्मण मरतो, आणि ज्याला आपण खलनायक म्हणतो त्या दुर्योधनाचा पुत्रशोक व्यास आपल्यासमोर ठेवतात. नंतर सुभद्रेचा आणि उत्तरेचा आकांत आहे. आत मेलेल्या प्रत्येकासाठी बाहेर कोणी तरी रडते आहे, ही जाणीव महाभारत मरू देत नाही.

‘डाय हार्ड’मध्येही अशा दोन फटी आहेत. पहिली कार्लची. मॅक्लेनच्या हातून मरणारा टोळीतला पहिला माणूस हा कार्लचा भाऊ. मॅक्लेन त्याचे बूट घालू पाहतो, ते लहान पडतात. मग तो ते प्रेत, अंगावर एक विनोदी मजकूर लिहून, लिफ्टमधून खाली पाठवतो. प्रेक्षागृह हसते, मीही हसलो आहे. पण पडद्यावर कार्ल ते प्रेत पाहतो आणि दुःखाने वेडापिसा होतो. क्षणभर वाटते, आपण नेमके कशाला हसलो? चित्रपट तेथे थांबत नाही. कार्लच्या दुःखाचा त्याला उपयोग आहे तो केवळ संतापाचे इंधन म्हणून.

दुसरी फट पॉवेलची, आणि माझ्या मते चित्रपटातली सर्वांत सुंदर गोष्ट तीच. इमारतीबाहेर उभा असलेला हा स्थूल, साधा पोलीस बिनतारी यंत्रावरून मॅक्लेनला धीर देत राहतो. दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही. बोलता बोलता पॉवेल सांगतो, की एका रात्री हातात खेळण्यातले पिस्तूल असलेल्या तेरा वर्षांच्या मुलावर त्याने गोळी झाडली होती. तेव्हापासून त्याला कोणावरही शस्त्र उगारता आलेले नाही. एवढ्या गोळीबारात हा एकच आवाज असा, की ज्याला मेलेल्या माणसाची आठवण आहे.

आणि शेवट काय होतो? सारे संपले असे वाटत असताना मेला म्हणून समजलेला कार्ल बंदूक घेऊन बाहेर येतो, आणि पॉवेल त्याला गोळ्या घालतो. संगीत चढते, पॉवेलचा चेहरा उजळतो. आपल्याला सांगितले जाते की तो बरा झाला. कोणाच्या तरी मुलाला मारून जो हात गळाला होता, तो कोणाच्या तरी भावाला मारून पुन्हा सावरला!

येथे कोणी विचारील, की पॉवेलने दुसरे करावयाचे तरी काय? कार्लने तेथे माणसे मारलीच असती. आक्षेप रास्त आहे, आणि ती गोळी मला अयोग्य वाटत नाही. माझा आक्षेप आहे तो त्या गोळीला औषध म्हणण्यावर. एखादे कृत्य अटळ असू शकते. अटळ म्हणून ते पवित्र होत नाही. कुरुक्षेत्र जिंकल्यावर युधिष्ठिराला राज्य नकोसे झाले. त्याची बाजू न्यायाची नव्हती म्हणून नव्हे, तर न्यायाच्या बाजूनेही माणसेच मारली होती म्हणून. पॉवेलचा हात थरथरत राहिला असता, तर चित्रपटाचा आनंद उणावला नसता. तो अधिक खोल गेला असता.

ही चर्चा केवळ पडद्यापुरती असती तर फराळाच्या वेळी काढली नसती. आपणही पुष्कळदा आपले प्रसंग असेच चार भिंतींत बंद करून घेतो. भावाभावांचा तंटा असो, कचेरीतले वैर असो, शेजाऱ्याशी धरलेला अबोला असो. मागचे कारण आणि पुढचा दिवस दाराबाहेर ठेवला, की समोरचा माणूस खलनायक दिसू लागतो, आणि ‘मला दुसरा मार्गच नव्हता’ हे वाक्य तोंडी येते. कधी कधी ते खरेही असते. पण मार्ग नव्हता म्हणून जे केले, त्याबद्दल स्वतःला टाळ्या वाजवून घेण्याची गरज नसते.

तेव्हा घरच्या मंडळींनी सुट्टीत हा चित्रपट जरूर पाहावा. बारक्या मुलांना मात्र तो दाखवू नये. काचा तुडवणाऱ्या मॅक्लेनसाठी श्वास रोखावा, ग्रूबरच्या अदबशीर दुष्टपणाला दाद द्यावी. फक्त पॉवेलची शेवटची गोळी सुटेल तेव्हा टाळीसाठी उचललेला हात क्षणभर तसाच राहू द्यावा. कार्लसाठी रडणारे जे कोणी होते, ते त्याच्या आधीच त्या इमारतीत मेले होते.