पारख्याचा शब्द

दुसऱ्याच्या सांगण्यावरून झालेले ज्ञान कधी खरे धरावे, हा न्यायदर्शनातला जुना प्रश्न. प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला नैयायिकांनी शब्द हे चौथे प्रमाण मानले, पण सांगणारा आप्त हवा अशी अट घातली. मराठीत आप्त म्हणजे नातलग; शास्त्रात नात्याचा काही संबंध नाही. न्यायसूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्याप्रमाणे ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही हे लक्षण सारखेच लागू, असे भाष्यकार मुद्दाम सांगतो. बौद्ध आणि वैशेषिक शब्दाला वेगळे प्रमाण मानत नाहीत. त्यांच्या लेखी ते अनुमानच.

सुरतेत या प्रश्नावर रोज पैसे लागलेले असतात. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात दलाल रस्त्याकडेच्या स्कूटरच्या सीटवर पुडी उलगडतो, घेणारा चिमट्याने खडा उचलतो, आयग्लास डोळ्याला लावतो आणि रंग, शुद्धता बोलतो. रंगाची एक पायरी इकडची तिकडे झाली की कॅरेटमागे भाव हलतो. पुडीच्या आतला कागद पुष्कळदा निळसर असतो. त्यावर खड्याची पिवळी झाक दबते. म्हणून जाणता घेणारा पांढऱ्या कागदाच्या घडीत खडा पालथा ठेवतो आणि बाजूने बघतो, तेही शक्यतो उत्तरेच्या उजेडात. कागद निळा का, हे कोणी विचारत नाही. दोघांनाही ठाऊक असते.

लबाड दलालाला आप्त म्हणता येत नाही, कारण लक्षणाचा उत्तरार्ध त्याला लागत नाही. अडचण प्रामाणिक माणसाची आहे. न्यायसूत्रांत दोष तीन सांगितले आहेत: राग, द्वेष आणि मोह. राग म्हणजे येथे संताप नव्हे, ओढ. तिघांत मोह सर्वांत वाईट, कारण मोह नसेल तर उरलेले दोन उपजतच नाहीत. आपल्या मालाचा रंग एक पायरी वर दिसणारा व्यापारी खोटे बोलत नसतो. त्याला तसे दिसतेच. जाणणे आणि सांगण्याची इच्छा या दोन्ही अटी आपण पाळल्या, असे तो शपथेवर सांगेल.

कानाचेही तेच. स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायरची परीक्षणे लिहिणाऱ्याला बहुधा यंत्राची किंमत आधीच माहीत असते. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर श्रोत्यांना एकदा पडद्याआड आणि एकदा समोर ठेवून ऐकवले. समोर दिसताच मोठ्या, महागड्या स्पीकरचे गुण वाढले आणि लहान, स्वस्ताचे घटले. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण आणि साध्या सीडीच्या दर्जाला उतरवलेले तेच ध्वनिमुद्रण यांतला फरक ओळखायला लावला. ५५४ पैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवले असते तरी एवढेच आले असते.

हिऱ्याच्या धंद्याने यावर तोडगा काढला तो माणूस सुधारण्याचा नव्हे. अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेने १९५३ मध्ये ‘डी’ ते ‘झेड’ ही रंगाची मोजपट्टी आणली. खडा ठरलेल्या उजेडात नमुन्याच्या खड्यांशेजारी ठेवून बघतात, तो कोणाचा हे बघणाऱ्याला कळू देत नाहीत आणि एकाहून अधिक जणांकडून स्वतंत्र मत घेतात. मोहाला आत यायला वाट कमी राहते. रागाला मात्र राहते: २००५ मध्ये एका नामांकित प्रयोगशाळेला लाचेच्या तक्रारीनंतर काही कर्मचारी काढावे लागले होते.

मग प्रमाणपत्रावर तरी विश्वास कशाच्या आधारे? मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाध येईपर्यंत ते खरेच धरायचे. बाजार याच मताने चालतो, नाहीतर दिवसाला एक सौदाही व्हायचा नाही. नैयायिकांना हे पुरत नाही. खरेपणा बाहेरून ठरावा लागतो आणि त्यांची मुख्य कसोटी वापराची आहे: दिसलेल्या पाण्याने तहान भागली तर ते पाणी, नाहीतर मृगजळ.

ही कसोटी सुरतेतच अडते. शहरात आता सीव्हीडी पद्धतीने, यंत्रात वायूपासून, हिरे वाढवले जातात. कार्बन तोच, कठीणपणा तोच, चमक तीच; जन्मभर बोटात घालूनही काही उघडे पडणार नाही. मृगजळानेच तहान भागते, असा हा प्रकार. आयग्लासने भेद कळत नाही. तीव्र अतिनील प्रकाश टाकणाऱ्या यंत्रात वाढीच्या खुणा उमटतात, तेव्हा कळतो. अंगठी घेणाऱ्याकडे ते यंत्र नसते. त्याच्या हाती कागद असतो आणि पुष्कळदा खड्याच्या गर्डलवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, लेसरने कोरलेला क्रमांक. तो आयग्लासमधून वाचता येतो, कागदावरच्या क्रमांकाशी जुळवता येतो; पण तो कोरला कोणी, हे विचारायला पुन्हा कोणाकडे तरी जावेच लागते.