आधी टेका, मग पाहा

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता एकमेकांना भेटतात. वर उड्डाणपूल, खाली रिक्षा, एसटी, ट्रक. त्या गर्दीतून वाट काढत फर्निचरच्या एखाद्या दुकानात शिरलात की समोरच्या सोफ्यावर नुसते टेका. रंग, कापड, किंमत नंतर. धावपळ अजून अंगात आहे. श्वास लांब होईपर्यंत तिला उतरू द्या.

आता तळपायांकडे लक्ष न्या. ते पूर्ण जमिनीवर आहेत, की टाचा अधांतरी? बैठक साधारण 17-18 इंच उंच असली तर बहुतेकांचे पाय नीट टेकतात. मग गुडघ्यामागे हात घाला. सोफ्याची कड तिथे रुतत असेल तर बैठक तुमच्यासाठी खोल आहे. ऐसपैस लाउंज सोफ्यांत मांडी घालून बसावं, लोळावं. पाय सोडून बसलं की पाठ मागे पोचत नाही, कमरेला उशी लागते. ही त्यांची खोट नव्हे. तुमच्या घरात बसणारे जास्त की लोळणारे, हे मात्र मनाशी नीट पाहा.

हळूहळू सगळं वजन सोडा. फोम किती खाली नेतो, कुठे थांबवतो? दुकानात ‘40 डेन्सिटी’ म्हणतात, म्हणजे घनमीटरभर फोमचं वजन 40 किलो. त्यावरून टिकाऊपणाचा अंदाज येतो. मऊ की कडक, ते अंगालाच विचारायचं.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसनाची चर्चा आहे. उंच झालं तर अंग डोलेल, खाली राहिलं तर जमिनीचे दोष बाधतील, असं ज्ञानेश्वर सांगतात. ते आसन योग्याचं, दिवाणखान्यातलं नव्हे. तरी मन निवण्याआधी देह नीट टेकावा, ही त्यांची काळजी मला फार जवळची वाटते.

आता हाच सोफा मनातल्या मनात सुटा करा. कोपरा वेगळा, बिनहाताचा भाग वेगळा, पुफी वेगळी. इटलीचे डिझायनर मारिओ बेल्लिनी यांचा ‘कामालेओंदा’ हा जोडता-सोडता येणारा सोफा 1970 सालचा. आपल्या बैठकीतल्या गाद्या, लोड, तक्के तर कितीतरी आधीपासून पाहुणे आले की पसरायचे, गेले की रचून ठेवायचे. सत्यनारायणाला मधली जागा मोकळी हवी, बाळंतपणाला आलेल्या लेकीला दुपारी आडवं व्हायचंय. तुमच्या घरचे असे प्रसंग एकेक करून आठवा. घाई नाही. सोफ्याचे भाग त्यांच्यासाठी निवडा.

आणि आता उठा. सहज उठता आलं का? गुडघे दुखणाऱ्या माणसाला खोल, मऊ, बिनहाताच्या सोफ्यातून उठणं हा रोजचा त्रास होतो. देखण्या वस्तूंवर माझा जीव आहे, पण आजी ज्यावर बसायचं टाळते तो सोफा मला सुंदर वाटत नाही. म्हणून खरेदीला जाल तेव्हा घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बरोबर न्या, आणि आधी त्यांना बसू द्या, उठू द्या.